कळसाचं दर्शन आणि काचेतली लक्ष्मी

आषाढीला पंढरपुरात पोचलेले कितीतरी वारकरी विठ्ठलाला न पाहताच माघारी फिरतात. दर्शनबारी पार गोपाळपुराकडे गेलेली असते, गावाकडची गाडी धरायची असते, पेरणी खोळंबलेली असते. मग चंद्रभागेत स्नान करायचं, नगरप्रदक्षिणा घालायची, नामदेव पायरीला डोकं टेकवायचं, मान वर करून कळस पाहायचा, हात जोडायचे. झाली वारी. माझे वडील बहुतेक वेळा असेच परत यायचे. अडीचशे किलोमीटर पायी गेलेला माणूस ज्याच्यासाठी गेला त्याचं तोंडही न पाहता घरी यायचा. आई विचारायची, "झालं का दर्शन?" हे पायातल्या काट्यांकडे बघत म्हणायचे, "झालं की. झकास झालं."

आणि मी? गेल्या हिवाळ्यात पुण्यात देवादिकांच्या जुन्या छापील चित्रांचं प्रदर्शन होतं, त्यासाठी सगळा रविवार घातला. एकही चित्र सोडलं नाही. घरी आल्यावर मुलीने विचारलं तर "ठीक होतं" याच्यापुढे शब्द फुटेना. काही न पाहिलेला माणूस भरून येतो आणि सगळं पाहिलेला रिकामा, याची संगती कशी लावायची? "श्रद्धा" हे उत्तर मला ठाऊक आहे. ते फार चटकन येतं. पहिल्याच फटक्यात बसलेल्या जॉबवर आम्हा क्वालिटीवाल्यांचा विश्वास नसतो.

माझी सगळी नोकरी पाहण्यातच गेली. आधी भोसरी एमआयडीसीत, मग कंपनीने बिऱ्हाड हलवलं तसा चाकणला. शाफ्ट, पिना, बुश. कोणी घडवायचं, कोणी घासायचं, आणि मी पाहायचं. मोजमापाची खोली जगात कुठेही वीस अंश सेल्सिअसला ठेवतात, कारण धातू उष्णतेने फुगतो आणि मग लांबी म्हणजे नक्की किती, हाच प्रश्न उभा राहतो. बाहेर मे महिन्यात चाकणचा डांबरी रस्ता पाघळायचा आणि मी आत स्वेटर घालून मायक्रॉन मोजत बसायचो. या पाहण्याला एक खोड असते. ते दोष शोधायलाच बाहेर पडतं. दोष सापडला नाही तर जॉब 'ओके', आणि ओके जॉबकडे पुन्हा कोणी ढुंकून पाहत नाही. निवृत्त झालो तरी ही नजर काही कंपनीत जमा करता आली नाही. लग्नाच्या पंगतीतही माझं लक्ष टेबलाच्या लंगड्या पायाकडे जातं.

प्रदर्शनाला जायचं खरं कारण आमच्या आईची लक्ष्मी. कमळावर उभी, बाजूला माळ घेतलेला हत्ती. आळंदीच्या कार्तिकी यात्रेत आजीने घेतलेली, पत्र्याच्या चौकटीतली. चित्र मूळचं राजा रविवर्म्याचं, पण आमचं नकलेची नक्कल असावं. छपाईत तांबडा रंग जरासा खाली सरकला होता, त्यामुळे लक्ष्मीचा खालचा ओठ हनुवटीवर ओघळल्यासारखा दिसायचा. लहानपणी मी विचारलं होतं, हिच्या तोंडाला काय झालंय? आई म्हणाली, "विडा खाल्लाय तिने." माझ्या लेखी लक्ष्मी म्हणजे विडा खाल्लेली बाई, आणि कोजागरीला ती दारात आली तर ओठावरून ओळखता येईल, याची मला खात्री होती. आई गेल्यावर आम्ही पिंपरीतल्या चाळीतून आकुर्डीला फ्लॅटमध्ये आलो, तोवर चित्राला वाळवी लागली होती. रीतीप्रमाणे चिंचवडला मोरया गोसावींच्या देवळामागच्या घाटावर जाऊन पवनेत सोडलं.

तर ती पुन्हा दिसेल म्हणून निघालो. सोबत आमची ही, आणि माझा जुना सोबती. तो टूलरूममध्ये ग्राइंडर होता, देहूरोडला राहतो, म्हणून कंपनीभर त्याला देहूरोडकरच म्हणायचे. मीही तेच म्हणतो. तो देहूरोडला लोकलमध्ये चढला आणि आकुर्डीला आम्हाला दारात उभा राहून हात करत होता.

ही छापील चित्रं आणि ही लोकल यांचं नातं आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाछापाचा कारखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीर जर्मन. काही वर्षांत तो कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि पुढे फ्रिट्झ श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी याच कारखान्याची कामं करत होते. १९७२च्या आगीत तो जळाला. म्हणजे कामशेत, तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड अशी जी लोकल आज पाळीवाल्यांना घेऊन धावते, तिच्याच रुळांवरून एकेकाळी लक्ष्मी, सरस्वती आणि दत्ताचे गठ्ठे देशभर गेले असणार. या पट्ट्यातला कारखानदारीचा इतिहास लोक पिंपरीच्या पेनिसिलीनपासून किंवा टेल्कोपासून सुरू करतात. माझ्या मते तो देवांच्या छपाईपासून सुरू करायला हवा.

प्रदर्शनाचं काय सांगू? बाहेर फ्लेक्सवर 'अस्सल' असं टपोऱ्या अक्षरांत. आत निम्म्याहून जास्त चित्रं आजच्या डिजिटल छपाईची, चौकट तेवढी जुनाट रंगवलेली. दिवे असे लावलेले, की काचेत सरस्वतीच्या वीणेवर माझं टक्कल. पाट्या इंग्रजीत, एका पाटीवर साल असं, की चित्रकाराच्या जन्माआधीच चित्र तयार. माहिती सांगणारा मुलगा दोन चित्रं सांगून जेवायला गेला तो आलाच नाही. गारवा मात्र अगदी माझ्या मोजमापाच्या खोलीसारखा. कोपऱ्यात कमळाचा पुठ्ठा उभा करून सेल्फीची जागा केली होती. गर्दी काय ती तिथेच.

शेवटच्या भिंतीवर मोजकीच खरी जुनी चित्रं होती, आणि त्यांत ती होती. मी खिशातलं भिंग काढलं. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. कागद एका दगडावरून उठून दुसऱ्यावर बसतो तेव्हा प्रत्येक वेळी तो तंतोतंत त्याच जागी पडावा लागतो. केसभर हुकला की बांगडी मनगटाच्या बाहेर. भिंगाखाली बारीक ठिपके दिसत होते, पिवळ्यावर गुलाबी, गुलाबीवर तपकिरी, आणि गाल त्या ठिपक्यांतून वर आला होता. कोणीतरी हौसेने साडीच्या काठावर खरी जर चिकटवली होती, गळ्यात टिकल्या. हीही जुनी रीत. ओठ पाहिले. तांबडा रंग रेषेच्या आत, सूतभरही इकडेतिकडे नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने हाताने साधलेलं ते रजिस्टर बघून माझ्यातल्या इन्स्पेक्टरने सलाम केला.

आणि मला ती ओळखीची वाटली नाही. चेहरा देखणा, पण परक्या घरचा. दोष नव्हता, म्हणून आमची नव्हती.

बायको बाजूला येऊन उभी राहिली, पायातल्या चपला तिने कधी काढल्या मला कळलं नाही, आणि तिने हात जोडले. रखवालदार पुढे झाला. "बाई, चप्पल घाला. हे देऊळ नाही." आवाजात उर्मटपणा नव्हता, नियम सांगावा तसं सांगितलं. तिने चपला घातल्या. पण जोडलेले हात तिने सोडायचे तेव्हाच सोडले.

शिवाजीनगरला मिसळ खायला बसलो तेव्हा मी सगळी भडास काढली. देहूरोडकर शांतपणे पाव मोडत होता. म्हणाला, "मला तर बरं वाटलं. छपाई चांगली होती. पाहिली, संपलं."

"देवाचं चित्र असं नुसतं पाहून संपतं का रे?"

"माझ्या मते देव इथेच बरे. तिकीट काढलं की कोणालाही सोडतात."

ही म्हणाली, "भाऊजी, पण ते बिचारे उपाशी वाटतात हो तिथे. ना हार, ना दिवा."

तो हसला. मग वडिलांच्या कळसदर्शनाची गोष्ट मी त्याला सांगितली, वर माझा सिद्धांतही मांडला: खरं दर्शन डोळ्यांवर अवलंबून नसतं, चालणाऱ्याला कळसही पुरतो, आणि न चालता आयतं पाहायला गेलो म्हणून मी रिकामा आलो. आळंदीच्या माउलींनी चांगदेव पासष्टीत हेच मांडलंय, असंही ठोकून दिलं. चांगदेवाने कोरं पत्र पाठवलं, त्याला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं: पाहणारा, पाहायची वस्तू आणि पाहणं हे तीन वेगळे नाहीतच, आरसा समोर नसला म्हणून तोंड नाहीसं होत नाही. मग मूर्ती समोर नसली म्हणून काय बिघडतं?

देहूरोडकरने पाणी प्यायलं. "तुझ्या वडिलांना कळस पुरला, कारण बारीत उभे राहिले असते तर आत जाता आलं असतं. माझ्या पणज्याला कळसच दाखवत होते. त्याला पुरला का, हे कोणी विचारलं?"

मी गप्प. तो पुढे जे बोलला ते फक्त टूलरूमचा माणूसच बोलू शकतो. शाफ्ट तपासायला दोन रिंगा असतात, गो आणि नोगो. चांगला शाफ्ट गो रिंगमधून आरपार जातो. नोगोमध्ये शिरताच कामा नये. गो रिंगमधून दिवसभर शाफ्ट जातात, म्हणून ती झिजते आणि ठरावीक काळाने बदलावी लागते. नोगो रिंग वर्षानुवर्षं नवी कोरी, कारण ती कोणाला आत घेतच नाही. पंढरपूरला पायांवर डोकं ठेवता येतं, आणि शतकांच्या स्पर्शाने, अभिषेकांनी मूर्ती झिजली; झीज थांबवायला वज्रलेप करतात. मी एकदा कँटीनमध्ये कौतुकाने म्हणालो होतो, की आपला देव म्हणजे गो रिंग, स्वीकारून स्वीकारून झिजलेला. त्याने ते लक्षात ठेवलं होतं. "तुझा देव गो रिंग असेल," तो म्हणाला, "पण दारात नोगो रिंग बसवली होती. ती कुठे झिजली? साने गुरुजींना उपाशी बसावं लागलं."

खरं आहे. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा ते दार सर्वांना उघडलं. त्याआधी सहाशे वर्षं चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर. आपण कीर्तनात चोखोबांची भक्ती गातो, तेव्हा त्यांना आत न पाहता आलेलं दर्शन आपण त्यांचाच मोठेपणा करून टाकतो. ते काम अडवणाऱ्यांना फार सोयीचं आहे. वडिलांच्या आणि चोखोबांच्या न-पाहण्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बाहेरून मात्र दोघंही कळसाकडे मान वर करून उभे दिसतात.

देहूरोडकरच्या घरी आजीची लक्ष्मी होती, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ज्यांना देवळात पाऊल टाकू देत नव्हते त्यांच्याही घरात देव गेला तो याच छापील कागदांवरून. मळवलीच्या दगडाला कोणाची जात कळत नव्हती, पैसे मोजले की झालं. आजोबा देहूरोडच्या लष्करी डेपोत मजूर. २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या गर्दीत आजोबा होते, खांद्यावर याचे वडील. रंगूनहून आणलेली मूर्ती. तिथल्या भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्धच, हे आपलं मतही सांगितलं. नागपूरच्या धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षं होती. १९५६नंतर आजोबांनी लक्ष्मी उतरवली. आजीने चौकट टाकू दिली नाही. त्याच चौकटीत बाबासाहेबांचा फोटो बसवला. तो अजून घरात आहे. "चौकट रविवर्म्याच्या मापाची," तो म्हणाला, "म्हणून बाबासाहेबांच्या चारी बाजूंना पांढरा कागद लावावा लागला."

मी विचारलं, "पण तूही विहारात हात जोडतोसच की."

"जोडतो. पण काही मागत नाही. आमच्याकडे 'ये आणि पाहा' असं आहे. पटलं तर राहा."

हे मला झोंबलं, कारण 'ये आणि पाहा' हा तर माझ्याच धंद्याचा मंत्र. वारकऱ्याच्या घरात वाढून जन्मभर मी तपासत आलो, आणि हा तपासायला सांगणाऱ्या धम्मातला माणूस एका चित्रासमोर उभा राहून, काहीही न तपासता, समाधानाने मिसळ खायला आला. म्हणजे श्रद्धावान तृप्त आणि चिकित्सक अतृप्त अशी जी वाटणी आपण करतो ती निदान त्या टेबलावर तरी टिकली नाही. तिघांत श्रद्धा हिच्याकडे सर्वांत जास्त, आणि दिवसभर अस्वस्थही तीच. तिला त्या भिंतीवरच्या लक्ष्मीची काळजी लागली होती.

चाकणच्या कंपनीच्या दारात उभं राहिलं की भामचंद्र डोंगर दिसतो. तुकोबांना तिथे साक्षात्कार झाला असं मानतात. त्या बाजूला उद्योगांचे टप्पे वाढत गेले, तसे डोंगर वाचवायला वारकरी आणि गावकरी रस्त्यावरही उतरले. पाळी सुटली की बसची वाट पाहत मी तो डोंगर पाहायचो. पावसाळ्यात हिरवा, उन्हाळ्यात खरपूस. निवृत्तीपर्यंत वर चढलो नाही, आणि कधी हुरहुरही लागली नाही. आता त्याचं कारण कळतं. चढायला मज्जाव नव्हता. उद्या कोणी पायथ्याशी तारेचं कुंपण घालून, 'खालूनही छान दिसतो' अशी पाटी लावली, तर मी दुसऱ्याच दिवशी चढायला जाईन आणि अडवलं तर भांडेन.

म्हणून वडिलांच्या "झकास झालं"चा अर्थ मी असा लावतो. दार उघडं असेल तर न पाहण्यातही तृप्ती असते, आणि ती कमावलेली असते: दिंडीतल्या क्रमांकाने, भिजलेल्या तंबूने, वाटेत कोणाच्या तरी ओसरीवर खाल्लेल्या पिठल्याभाकरीने. दार बंद असेल तर तीच तृप्ती फसवणूक ठरते, मग ती कितीही गोड चालीत गायली तरी. चांगदेव पासष्टी मी मागे घेत नाही. पण ज्याला आरशासमोर उभं राहू दिलं नाही त्याला 'तोंड तर आहेच की' असं ऐकवण्याचा अधिकार मला नाही. माउलींना तो असेल. त्यांनाही मुंज नाकारून वाळीत टाकलेलंच होतं.

आणि प्रदर्शन? तिथे दार सताड उघडं होतं. तरी मी रिकामा आलो, याचा दोष मी नुसत्या डिजिटल छपाईवर टाकणार नाही. त्या शेवटच्या भिंतीवर पाटीत चित्राचं नाव, चित्रकार आणि छापखाना होता. ती जर कोणी चिकटवली, ते चित्र कोणत्या गावच्या कोणत्या भिंतीवर होतं, त्यापुढे कोण हात जोडत होतं, ते का उतरलं, याबद्दल अवाक्षर नव्हतं. देवाच्या चित्राचं निम्मं चित्र पाहणाऱ्याकडून आलेलं असतं, आणि तेच काढून घेऊन उरलेलं काचेत लावलं होतं. दुसऱ्याने नमस्कार केलेली लक्ष्मी माझी होणार नव्हतीच, पण ती कोणाची होती एवढं कळलं असतं तर मी तिच्यासमोर पाहुण्यासारखा तरी उभा राहिलो असतो. तिथे मी इन्स्पेक्टर म्हणून उभा राहिलो, आणि ओके असा शेरा मारून निघालो.

प्रदर्शनं भरवणाऱ्यांना हे सांगायचा माझा वकूब नाही. तुम्हाला सांगू शकतो. घरात आजी-पणजीच्या वेळचं एखादं चित्र असेल, पूजेत असो वा माळ्यावर, देवाचं असो, बुद्धाचं असो की बाबासाहेबांचं, तर वाळवी लागण्याआधी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा: कोणी घेतलं, कोणत्या यात्रेत, कोणत्या घरात लावलं, कोण त्यापुढे उभं राहायचं. शाई वापरू नका, ती कागदातून पुढच्या बाजूला उतरते.